शनिवारचं तेल

नानांना माफी मागता येत नसे. शब्द तोंडाशी यायचा, मिशीपाशी घुटमळायचा आणि परत आत जायचा. मग दुसऱ्या दिवशी सकाळी ते हातात पाना घेऊन दारात उभे राहायचे आणि विचारायचे, "काही बिघडलंय का?" वसमतच्या आमच्या गल्लीत या प्रश्नाचा अर्थ लहानथोर सगळ्यांना ठाऊक होता. नाना कुणाच्या दारात पान्यासकट दिसले की समजायचं, काल या घरातल्या कुणाला तरी ते नको ते बोलले आहेत.

आमच्या घरात ते पुष्कळदा दिसत. त्यांची आमची भिंत एक, आणि नानांच्या तोंडाला कुलूप नव्हतं. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात त्यांनी माझी दारातली रांगोळी वाकून पाहिली आणि म्हणाले, "ठिपके रेषेत न्हाईत, सूनबाई. शाळेत पोरांना हेच शिकवून राहिल्या का?" मी नवी नवरी, शाळेत नुकतीच लागलेली. आत जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी हाक मारली, "अगं, नाना आलेत, मिक्सर काढून दे." मिक्सर चांगला चालत होता. तरी त्यांनी तो उघडला, पुसला, बंद केला आणि "आता बराबर झालं" म्हणून निघून गेले. सासूबाई म्हणाल्या, "झालं. मागितली त्यांनी माफी."

नाना जमिनीच्या मोजणीच्या खात्यात होते. सेनगावपासून वसमतपर्यंत किती बांध त्यांच्या साखळीखालून गेले असतील, त्यांनाच माहीत. मोजणीच्या दिवशी ते वादातल्या कुठल्याच घरचं पाणी पीत नसत. स्वतःचा डबा, स्वतःची सुराही, आणि लिंबाच्या झाडाखाली एकट्याने जेवण. एका गावात दोन भावांचा बांधावरून तंटा होता. थोरला मोजणीच्या आधीपासूनच छाती काढून सांगत होता की धाकट्यानं माझी जमीन खाल्ली. नानांनी त्याला म्हटलं, "आधी मोजू, मग बोलू." संध्याकाळी रेषा निघाली ती थोरल्याच्या गोठ्यामधून. म्हैस निम्मी त्याची आणि निम्मी धाकट्याची. ही गोष्ट नाना दर दिवाळीला सांगत आणि शेवटी छातीवर हात ठेवून म्हणत, "माझ्या साखळीनं जन्मात कोणावर अन्याय केला न्हाई." त्यांना स्वतःचं कौतुक करायला दुसरं माणूस लागत नसे.

काकू तेव्हा आतून म्हणायच्या, "साखळीनं न्हाई केला. तोंडाचं सांगा."

कुसुमकाकू म्हणजे नानांच्या पत्नी. बुटक्या, सावळ्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. नाना मोठ्याने बोलत आणि काकू खरं बोलत, म्हणून त्यांचा संसार चालला असं माझे सासरे म्हणायचे. काकूंचं खोटं बोलणं मी कधी ऐकलं नाही. भाजी बिघडली तर पाहुण्यांनाही सांगायच्या, "आज बिघडली, लोणच्यासंगं खा."

निवृत्तीनंतर नानांनी नांदेडच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून जुनं मिलिंग मशीन आणलं. धातू कोरायचं, पुरुषभर उंचीचं, हिरव्या रंगाचं यंत्र. टेम्पोतून ते उतरवायला गल्लीतले सगळे बाप्ये लागले. काकू दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "म्हातारपनी सवत आणली म्हना की," त्या म्हणाल्या. मग आत गेल्या, भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी आणलं आणि नव्या नवरीवरून ओवाळून टाकतात तसं त्या यंत्रावरून ओवाळून टाकलं. परसातल्या पत्र्याच्या खोलीत यंत्राची स्थापना झाली. तेव्हापासून काकू नानांना जेवायला बोलवायच्या त्या अशा: "सवतीला सोडा, भाकरी निवून राहिली."

या यंत्रावर एक जड लोखंडी फिरतं टेबल बसायचं. त्याला रोटरी टेबल म्हणतात. खाली बैठक, वर गोल चकती, चकतीच्या काठावर अंशांच्या खुणा. बाजूचा दांडा फिरवला की आतला आटा, म्हणजे जाडजूड स्क्रू, चकतीला मुंगीच्या पावलानं पुढं नेतो. वर्तुळाचे हवे तेवढे सारखे भाग पाडावेत ते यावर. जन्मभर कोन मोजलेल्या माणसाला हे म्हणजे देवच भेटला. काकू मात्र त्याला "लोखंडी पोळपाट" म्हणायच्या.

या पोळपाटावर नानांनी काकूंसाठी शेवेच्या सोऱ्याची पितळी ताटली केली. भोकांची वर्तुळं, प्रत्येक वर्तुळातलं अंतर सारखं, एक भोक इकडचं तिकडं नाही. त्या दिवाळीला काकूंची शेव इतकी एकसारखी पडली की गल्लीतल्या बायका कढईभोवती बघायला आल्या. "आता शेव बी नकाशावर काढून राहिले हे," काकू म्हणाल्या. बोलल्या तिरकं, पण ती ताटली त्या देवघरात ठेवायच्या. पुढे मुलीनं, सुनंदानं, फार मागितली तरी दिली नाही. "मी गेल्यावर ने," म्हणाल्या.

मग एका श्रावणात नाना खोलीच्या पत्र्यावर चढले. पाणी कुठून गळतं ते बघायला. गळतं कुठून ते कळलं, कारण ते तिथूनच खाली आले. मांडीचं हाड मोडलं. नांदेडला ऑपरेशन झालं आणि घरी आणल्यावर नाना पुढच्या खोलीत खाटेवर पडले. पडलेला माणूस गप्प असतो असं आपल्याला वाटतं. नाना खाटेवरून सगळं घर मोजायचे. घड्याळ वाकडं आहे, पडदा तिरपा आहे, वरणात मीठ जास्त आहे. काकू सगळं ऐकून घ्यायच्या. परसात जायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी खोलीची किल्ली काकूंना दिली आणि सांगितलं, "पावसाळी हवा हाय, गंज चढंल. रोटरीला तेल देत जा."

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं, कारण तेव्हा मी काकूंना फुलवाती वळून देत तिथंच बसले होते.

काकू दर शनिवारी वाटीत तेल घेऊन मारुतीला जायच्या. करडईचं, घाण्यावरचं, घरात सगळ्यात चांगलं तेच. निम्मं मारुतीच्या डोक्यावर घालायच्या आणि त्या शनिवारांपासून उरलेली निम्मी वाटी परसात न्यायला लागल्या. भिंतीवरून मला दिसायचं. चपला बाहेर काढायच्या, पदर डोक्यावरून घ्यायच्या, पोळपाटाच्या मधल्या भोकात तेल सोडायच्या आणि तेलाची बोटं स्वतःच्या केसांना पुसायच्या. ओठ हलायचे. नवरात्रात खंडेनवमीला, हत्यारं पुजायच्या दिवशी, त्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल ठेवलं. नाना धडधाकट असताना यंत्रावर कुंकवाच्या एका बोटापलीकडं काही लावू द्यायचे नाहीत. पण त्या वर्षी पुजारी काकू होत्या.

उन्हाळा लागल्यावर नाना काठी टेकत उठले आणि पहिल्यांदा गेले ते परसातल्या खोलीत. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून आवाज आला. मी भांडी घासता घासता थांबले.

"हे अडकलंय काहून? दांडा हालून न्हाई राहिला. कोन आलं व्हतं इथं?"

"कोनी न्हाई," काकू म्हणाल्या.

"कोनी तरी जबरदस्तीनं फिरवलंय. आतले दाते तुटले असतील. किल्ली कोणाला दिली व्हती?"

"कोनाला न्हाई दिली. मी दर शनिवारी तेल देत व्हते, तेवढंच."

"तेलानं कुठं यंत्र अडकतं का?" नाना ओरडले. "तेलानं चालतं, अडकत न्हाई. खोटं बोलून राहिली तू. शेजारच्यानं मागं मागितलं व्हतं मला, त्यालाच दिली असंल. भिडंला पडली असशील."

शेजारचे म्हणजे आमचे हे. स्कूटरचा एक भाग करायला त्यांनी कधीकाळी मशीन मागितलं होतं, नानांनी दिलं नव्हतं, विषय संपला होता. आता तो असा उकरून निघाला. काकू म्हणाल्या, "मारुतीची आण, कोनी हात लावला न्हाई." त्यावर नाना जे म्हणाले ते मला आजही लिहवत नाही. एवढंच सांगते की ज्या बाईनं बिघडलेली भाजीसुद्धा कधी लपवली नाही, तिला त्यांनी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात खोटारडी म्हटलं.

किल्ली त्यांनी काकूंकडून काढून घेतली आणि कमरेच्या करगोट्याला बांधली. रोटरी टेबल गड्यांकडून यंत्रावरून उतरवून घेतलं आणि कोपऱ्यात पोत्याखाली ठेवलं. ते त्यांनी उघडलंच नाही. आतले तुटलेले दाते बघवणार नाहीत म्हणायचे. आमच्या घराशी त्यांचं बोलणं बंद झालं. हे रस्त्यात दिसले की नाना काठी दुसऱ्या बाजूला टेकायचे. ह्यांनाही राग होता. "न केलेल्या चोरीची शिक्षा भोगतोय," म्हणायचे. दुसऱ्या दिवशी पाना घेऊन कुणी आलं नाही. त्याच्याही दुसऱ्या दिवशी नाही.

काकू मात्र भिंतीवरून माझ्याशी बोलत राहिल्या. मी एकदा चिडून म्हटलं, "काकू, एवढं कसं ऐकून घेता?" तर त्या हसल्या. म्हणाल्या, "आधी मोजायचं, मग बोलायचं. यंदा मोजायचं राह्यलं त्यांचं. मोजतील."

नाना मोजायच्या आतच काकू गेल्या. साध्या तापाचं निमित्त. दवाखान्यात नेईपर्यंत बोलत होत्या.

पहिल्या दिवाळीच्या आधी सुनंदा माहेरी आली आणि देवघरातली ताटली शोधू लागली. ती मिळाली, पण इतक्या वर्षांच्या दाबानं मधोमध तडकलेली. सुनंदा ती हातात धरून खूप रडली. "नाना, तशीच दुसरी करून द्या," म्हणाली. "आईसारखी शेव मला तिच्यावरच यायची." तशी ताटली करायची तर रोटरी हवं आणि रोटरी पोत्याखाली अडकून पडलेलं.

त्या संध्याकाळी नाना आमच्या दारात उभे राहिले. हातात पाना नव्हता. रिकाम्या हातांचे नाना मी पहिल्यांदाच बघत होते. माझ्याकडे न बघता ते आत ह्यांना म्हणाले, "जरा हात लावता का? मला एकट्याला उचलून न्हाई राहिलं." हे उठून शर्ट घालू लागले. माझ्या मनात आलं, बरे आता आठवलो. पण ह्यांनी एक शब्दही न बोलता पायात चपला सरकवल्या.

दोघांनी टेबल पालथं केलं. नानांनी आधी बाजूचा आटा बाहेर काढला. त्याचे दाते तुटलेले असणार अशी त्यांची खात्री होती. दाते शाबूत होते. चकतीखालच्या मोठ्या चाकाचे, बॅटरीच्या उजेडात दिसले तेवढे दातेही शाबूत. "जबरदस्ती झाली असती तर हे राह्यले नसते," नाना स्वतःशीच म्हणाले. पण चकती मधल्या भोकात अशी बसली होती की जणू ओतूनच घडवली आहे. त्यांनी ते टेबल तसंच डिझेल भरलेल्या घमेल्यात ठेवलं. रोज सकाळी दोघं जाऊन हलवून बघायचे आणि परत यायचे. या निमित्तानं ह्यांचं नानांशी बोलणं सुरू झालं, तेही "अजून घाला", "थोडं थांबा" एवढंच.

शेवटी एका रविवारी नानांनी बैठक स्टोव्हवर हळूहळू तापवली, खाली लाकडाचा ठोकळा धरला आणि वरून लाकडी हातोडा मारला. मी चहा घेऊन गेले होते. तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला आतून चर्र असा आवाज आला आणि चकती सुटली.

आत गंज नव्हता. पिवळट, तांबूस, चिकट थर होता, मारुतीच्या अंगावर शेंदुराचा चढतो तसा. नानांनी नखानं थोडा खरवडला. त्यात तांदळाचे दाणे निघाले. एकाला कुंकू लागलेलं होतं. नानांनी बोट नाकाशी नेलं आणि कितीतरी वेळ तसंच धरलं.

"करडई," ते म्हणाले. मग ह्यांना समजावल्यासारखं, पण भिंतीकडे बघत बोलू लागले. "खायचं तेल हाय. ते वाळतं. समई घासली न्हाई तर कसं चिकट धरतं, तसं. वरून पत्र्याचं ऊन. बसलं घट्ट." बोलता बोलता ते थांबले. माझ्याकडे वळले. "सूनबाई, तुमी पाह्यलं व्हतं?"

मी हो म्हटलं. शनिवारची वाटी सांगितली, बाहेर काढलेल्या चपला सांगितल्या, हलणारे ओठ सांगितले, खंडेनवमी सांगितली. मला काय माहीत होतं की तेला-तेलात फरक असतो? मी आणि काकू सारख्याच अडाणी. हे सगळं सांगताना मला वाटत होतं की मी त्यांच्या अंगावर एकेक दगड ठेवते आहे, आणि तरी मी थांबले नाही. ह्यांच्यावर आलेला आळ मला धुऊन काढायचा होता ना.

"तेल देत जा, म्हनून मीच सांगितलं व्हतं," नाना म्हणाले. "कोणतं, ते न्हाई सांगितलं. ती तर म्हनली बी मला, तेल दिलं म्हनून. मी पुढं इचारलंच न्हाई." ते तिथंच ठोकळ्यावर बसले. "आयुष्यभर लोकांचे बांध मोजले मी."

चहा कुणीच घेतला नाही.

पुढचे कितीतरी दिवस नाना ते टेबल साफ करत होते. पितळी ब्रश, डिझेल, चिंध्या. एकदाही त्यांनी ह्यांना मदतीला बोलावलं नाही. आटा परत बसला, यंत्राचं तेल पडलं आणि चकती लोण्यासारखी फिरू लागली. सगळं स्वच्छ केलं, पण काठावरच्या शून्याच्या खुणेवर काकूंच्या बोटानं लागलेला कुंकवाचा ठिपका तेवढा ठेवला. सुनंदाची ताटली झाली. ती हातात देताना म्हणाले, "देवघरात ठेवू नको. वापर."

आणि मग आमच्या घरी पाना सुरू झाला. आधी गेट, मग कुकरचा दांडा, मग शिलाई मशीन, मग मुलाची सायकल. रोज सकाळी, "काही बिघडलंय का?" आमचं सगळं घर दुरुस्त होऊन गेलं आणि नानांचं समाधान होईना. एके दिवशी मी पाहिलं, आमचे हे मोरीतला नळ पकडीनं ढिला करून राहिले होते. मी विचारलं, "हे काय करताय?" तर म्हणाले, "उद्या नाना येतील. त्यांना काय देणार?" ज्या माणसावर चोरीचा आळ आला होता तो असा. मला त्या दिवशी ह्यांचा फार अभिमान वाटला आणि त्या रविवारी मी ठेवलेले ते एकेक दगड आठवून माझी मलाच लाज वाटली.

एक गोष्ट मात्र मी नानांना सांगितली नव्हती. तेल सोडताना काकूंचे ओठ हलायचे, हे सांगितलं होतं. त्या काय म्हणायच्या ते भिंतीवरून मला ऐकू यायचं, ते सांगितलं नव्हतं. सांगितलं तर हा माणूस मोडेल, असं वाटायचं. न सांगता ठेवलं तर मी काकूंचं काहीतरी अडवून ठेवलंय, असंही वाटायचं.

एका शनिवारी नाना काठी टेकत मारुतीहून परत येताना दिसले. हातात काकूंची तीच वाटी, रिकामी. माझ्या दारापाशी थांबले. वाटीतलं तेल लागलेली बोटं त्यांनी केसांना पुसली, अगदी काकूंसारखी. माझ्यानं राहवलं नाही.

"नाना," मी म्हटलं, "काकू त्या पोळपाटाला तेल घालताना म्हणायच्या, 'घे बाई सवती, पोटभर पी. पन त्यांना लवकर उठव.' दर शनिवारी हेच म्हणायच्या."

नानांची मिशी हलली. शब्द तोंडाशी आला आणि नेहमीसारखा परत गेला. वाटी त्यांनी छातीशी धरली होती. मग म्हणाले, "काही बिघडलंय का?"

घरात काहीही बिघडलेलं नव्हतं. मी म्हटलं, "मोरीतला नळ गळतो."

ते घरी गेले, वाटी ठेवून पाना घेऊन आले. मोरीत पाटावर बसून त्यांनी नळ उघडला, आतलं वायसर काढलं, तळहातावर घेऊन उजेडात उलटसुलट करून पाहिलं. वायसर नवं कोरं होतं. त्यांनीच बसवलेलं. त्यांनी वर माझ्याकडे पाहिलं.

"हे तर चांगलं हाय, सूनबाई."

"तरी एकदा बघून घ्या, नाना," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. दुसऱ्याच दिवशी नाना सुनंदाकडे राहायला गेले आणि पुढच्या महिन्यात तिथंच वारले, त्यामुळे मी त्यांना पाहिलं ते शेवटचं असंच. मोरीत पाटावर बसलेले, पाठ माझ्याकडे, चांगला नळ पुन्हा एकदा हळूहळू घट्ट करत असलेले.